घोडेगाव–प्रवरासंगम मार्ग

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील बाजाराचे गाव. शनिशिंगणापूरचा फाटा येथेच फुटतो. पुढे प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीस मिळते आणि गोदावरी ओलांडली की मराठवाडा लागतो. 1948 पर्यंत हीच नदी मुंबई प्रांत व निजामी राज्य यांची सीमा होती. तरीही हा टापू कडेचा मानणे चुकीचे ठरते. नेवाशाच्या उत्खननात (1954–56) पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना अश्मयुगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. येथेच 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मराठवाड्यातील पैठण आणि नेवासे यांचा संबंध तर कोणत्याही सरहद्दीपेक्षा जुना आहे.

निजामी राज्याचे नाणे वेगळे, जकात वेगळी, मग नदीने माणसे तोडलीच, असा आक्षेप घेता येईल. जकातीचा जाच खरा होता. पण जकात बसवावी लागते ती वाहत्या व्यापारावरच. शिवाय भाषा, पंढरीची वारी आणि सोयरीक दोन्ही तीरांवर एकच राहिली. आज घोडेगावच्या कांद्याच्या व जनावरांच्या बाजाराचे महत्त्व या महामार्गाशी जोडलेले आहे, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा संगमापर्यंत पोचतो.