ग्रेनेडीन द्वीपमाला : एकांताची जडणघडण

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा या दोन ज्वालामुखीजन्य, हिरव्यागार आणि पाण्याने समृद्ध बेटांच्या दरम्यान सुमारे १०० किलोमीटर पसरलेली लहान बेटांची जी माळ आहे, तिला ग्रेनेडीन्स म्हणतात. कॅरिबियन समुद्रात गर्दीपासून दूर सुट्टी घालवू पाहणाऱ्या प्रवाशाला हल्ली हटकून हीच नावे सुचवली जातात : बेक्वे, कॅरिॲकू, मेरो, युनियन. या बेटांवर मोठमोठी हॉटेले नाहीत, हजारो प्रवासी एका दिवसात उतरवणाऱ्या जहाजांसाठी बांधलेले धक्के फारसे नाहीत, आणि या अभावालाच पर्यटनाच्या भाषेत ‘अस्पर्शित निसर्ग’ असे नाव मिळाले आहे. हे नाव फसवे आहे. येथील जंगल एकदा कापसासाठी जवळजवळ पूर्ण तोडले गेले होते, येथील लोकसंख्या जबरदस्तीने आणली गेली होती, आणि आज जो निवांतपणा विकला जातो तो मातीचा कस, पाण्याची टंचाई, मालकीहक्काचे व्यवहार आणि एका राजकीय भूमिकेचा संमिश्र परिणाम आहे.

मुळात या बेटांवर नदी नाही. डोंगर इतके उंच नाहीत की ढग अडवून पुरेसा पाऊस पाडतील. त्यामुळे छपरावर पडणारे पाणी पन्हळीने टाकीत साठवायचे आणि जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत ते पुरवून वापरायचे, ही रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. उसाला लागणारे पाणी आणि सुपीक माती मोठ्या बेटांवर होती, म्हणून साखरेचे साम्राज्य तिकडे उभे राहिले आणि ग्रेनेडीन्सच्या वाट्याला मुख्यतः कापूस आला. अठराव्या शतकात फ्रेंच वसाहतकारांनी सुरू केलेले मळे १७६३च्या पॅरिसच्या तहानंतर ब्रिटिशांकडे गेले. मात्र मेरो, पेटिट मार्टिनिक, कॅरिॲकूवरील ल’एस्टेर ही गावांची आणि बेटांची नावे फ्रेंचच राहिली. पुढे ब्रिटिशांनी प्रशासनाच्या सोयीसाठी या माळेचे दोन तुकडे केले : कॅरिॲकू आणि पेटिट मार्टिनिक ग्रेनेडाकडे, उत्तरेकडील बाकीची बेटे सेंट व्हिन्सेंटकडे. ग्रेनेडा १९७४ मध्ये आणि सेंट व्हिन्सेंट १९७९ मध्ये स्वतंत्र झाल्यावर ही कारकुनी रेघ आंतरराष्ट्रीय सीमा बनली, आणि एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या बेटांमधून होडी नेताना पारपत्रावर दोनदा शिक्के मारून घेणे भाग पडू लागले.

या एकांताचा सर्वांत काळा अध्याय बॅलिसो या लहानशा, ओसाड बेटावर घडला. सेंट व्हिन्सेंटवर आफ्रिकी आणि कॅरिब वंशांच्या मिश्रणातून तयार झालेला गारिफुना समाज राहत होता. त्याने आपली जमीन ऊसमळ्यांना देण्यास नकार देऊन ब्रिटिशांशी दीर्घ युद्ध केले. १७९६ मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर सुमारे पाच हजार स्त्री-पुरुष-मुलांना बॅलिसोवर नेऊन ठेवण्यात आले, आणि जवळपास निम्मे लोक काही महिन्यांतच रोगराईने व हालअपेष्टांनी तेथे मरण पावले. उरलेल्यांना १७९७ मध्ये मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील रोआतान बेटावर सोडून देण्यात आले. होन्डुरास व बेलीझमधील आजचा गारिफुना समाज त्यांचाच वंशज असून त्याच्यासाठी बॅलिसो हे पवित्र स्थळ आहे. ज्या बेटावर पाणी नाही आणि जेथून पळता येत नाही ते बेट कैदखाना म्हणून सोयीचे असते, हे वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी ओळखले होते. बेट तेच असताना पुढच्या काळात त्याच गुणांना ‘निर्जन किनारा’ म्हणून किंमत यावी, याला इतिहासाची क्रूर थट्टा म्हणावे लागेल.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीच्या उमेदवारीचा, म्हणजे मुक्त होऊनही जुन्याच मालकाकडे राबण्याचा, काळही संपला. मळेवाल्यांचा या लहान बेटांतील रस हळूहळू आटत गेला. सेंट व्हिन्सेंटच्या मुख्य बेटावर मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी १८६१ पासून मद्रासहून करारबद्ध मजूर आणले गेले, परंतु ग्रेनेडीन्समधील मळ्यांसाठी असा खटाटोप करावा इतका नफा उरलेला नव्हता. मुक्त झालेले लोक मागे राहिले, त्यांनी लहान तुकड्यांवर मका आणि तूर पिकवली, आणि जमीन पोट भरण्यास अपुरी पडल्यामुळे पुरुष समुद्राकडे वळले. कॅरिॲकूमध्ये ‘बिग ड्रम’ म्हणून ओळखला जाणारा नृत्यविधी याच समाजाने जपला. त्यात पूर्वजांना आवाहन करताना क्रोमांटी, इग्बो, काँगो अशा आफ्रिकी ‘राष्ट्रां’च्या नावाने वेगवेगळे नाच केले जातात, म्हणजे कोणते कुटुंब आफ्रिकेच्या कोणत्या भागातून आणले गेले याची आठवण कागदपत्रांऐवजी ढोलाच्या तालात टिकली.

समुद्राकडे वळलेल्या या समाजाचा खरा उद्योग नौकाबांधणी. कॅरिॲकूच्या विंडवर्ड या गावात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश सुतार स्थायिक झाले. मॅक्लॅरन यांसारखी आडनावे तेथे आजही आढळतात. या गावात नकाशा किंवा आराखडा न काढता, केवळ डोळ्यांच्या अंदाजाने, वाळूवरच नौका उभी केली जाई. आधी पठाण, म्हणजे तळाचा आडवा कणा, टाकला जाई; मग त्यावर वांक, म्हणजे नौकेच्या फासळ्या, बसवल्या जात. फासळ्यांसाठी लागणारे वाकडे लाकूड ‘पांढरा सीडर’ या झाडाचे असे. या झाडाचा खऱ्या सीडरशी काही संबंध नाही, पण वाऱ्याने वाकलेल्या त्याच्या फांद्यांना निसर्गतःच हवा तो आकार मिळालेला असतो, त्यामुळे लाकूड कापून जोडण्याऐवजी जंगलात जाऊन योग्य फांदी शोधणे हेच सुताराचे कौशल्य ठरे. एका डोलकाठीच्या नौकेला स्लूप आणि दोन किंवा अधिक डोलकाठ्यांच्या नौकेला स्कूनर म्हणतात. या दोन्ही प्रकारांनी त्रिनिदादपासून उत्तरेकडील बेटांपर्यंत माल, माणसे, गुरे आणि पुष्कळदा जकात चुकवून आणलेली दारूही वाहून नेली. नौका पाण्यात सोडण्याचा दिवस हा गावाचा सण असे. बोकड किंवा कोंबडा कापून त्याचे रक्त आणि त्यासोबत रम नौकेवर शिंपडली जाई, पाद्री प्रार्थना म्हणे, आणि नंतर टेकूचे खांब एकेक करून तोडत नौका कुशीवर झुकवून सारे गाव दोर ओढून ती समुद्रात नेई. ख्रिस्ती आशीर्वाद आणि आफ्रिकी बळी या दोहोंची एकाच विधीत घातलेली ही सांगड कोणालाही विसंगत वाटत नसे.

बेक्वेवर नौकांबरोबर व्हेलची शिकारही आली. स्कॉटिश वंशाचा विल्यम वॉलेस हा तरुण अमेरिकी व्हेल-जहाजावर काम शिकून १८७५च्या सुमारास बेक्वेला परतला आणि त्याने फ्रेंडशिप उपसागराच्या काठी शिकारीचे ठाणे उभारले. लवकरच ऑलिव्हिएर कुटुंबानेही आपले ठाणे काढले. अमेरिकी पद्धतीची, दोन्ही टोकांना निमुळती, शिडाने व वल्ह्यांनी चालणारी सहा माणसांची होडी आणि हाताने फेकायचा हार्पून, म्हणजे दोर बांधलेला काटेरी भाला, हीच साधने तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. एकोणिसाव्या शतकात या शिकारीचा हेतू तेलाचा व्यापार हा होता. तेलाची बाजारपेठ बुडाल्यावर मांस उरले. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने या शिकारीला स्थानिकांच्या उदरनिर्वाहाची शिकार म्हणून मान्यता दिली असून २०१९ ते २०२५ या सात वर्षांसाठी २८ कुबडधारी व्हेलची मर्यादा घालून दिली. प्रत्यक्षात अनेक वर्षी एकही व्हेल हाती लागत नाही. वसाहतकाळात बाहेरून आलेल्या व्यापारी धंद्याला ‘परंपरा’ म्हणावे काय, हा वाद आयोगाच्या बैठकांत वारंवार उठतो. परंतु तीन-चार पिढ्यांनी जीव धोक्यात घालून केलेल्या कामाला दुसरे कोणते नाव द्यावे, याचे समाधानकारक उत्तर विरोधकांनीही दिलेले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर विमान आणि लोखंडी मालवाहू जहाज यांमुळे लाकडी नौकांचे दिवस फिरले, आणि याच सुमारास बेटांच्या विक्रीस आरंभ झाला. १९५८ मध्ये कॉलिन टेनंट या ब्रिटिश उमरावाने मुस्टिक हे संपूर्ण बेट ४५,००० पौंडांना विकत घेतले, राजकन्या मार्गारेटला तेथील दहा एकरांचा तुकडा भेट दिला, आणि पडीक कापूसमळ्यांचे बेट जगातील श्रीमंतांच्या बंगल्यांचे ठिकाण बनले. १९६६ मध्ये जॉन काल्डवेल या अमेरिकी दर्यावर्द्याने प्रून नावाचे दलदलीचे बेट वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांसाठी घेतले, त्यावर नारळाची झाडे लावली आणि त्याचे नाव पाम आयलंड ठेवले. प्रवाशाला ‘कॅरिबियनचे मूळ रूप’ वाटणारे तेथील माड या भाडेपट्ट्याच्या वयाचे आहेत.

या व्यवहारांविरुद्ध सर्वांत ठसठशीत भूमिका बेक्वेच्याच माणसाने घेतली. जेम्स मिचेल यांचे वडील रेजिनाल्ड यांनी बांधलेली ‘ग्लोरिया कोलिटा’ ही बेक्वेवर तयार झालेली सर्वांत मोठी स्कूनर थोड्याच काळात मेक्सिकोच्या आखातात माणसांविना तरंगताना सापडली होती, आणि वडील पुन्हा दिसले नाहीत. मुलगा कृषिशास्त्रज्ञ झाला, राजकारणात आला आणि १९७२ मध्ये सेंट व्हिन्सेंटचा प्रीमियर, म्हणजे स्वायत्त वसाहतीचा शासनप्रमुख, झाला. त्याच वर्षी त्यांनी पर्यटन व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचे शीर्षक ‘टू हेल विथ पॅरडाइज’, म्हणजे ‘तुमचा स्वर्ग जाऊ दे नरकात’ अशा अर्थाचे होते. पाहुण्यासाठी परदेशी अन्न आयात करणारे आणि गावकऱ्याला त्याच्याच किनाऱ्यावर परका करणारे पर्यटन नको, स्थानिक शेती, स्थानिक घरे आणि मोजके पाहुणे हवेत, असा त्यांचा आग्रह होता. बेक्वेवर त्यांच्या कुटुंबाचे जुने घर छोटेखानी हॉटेल झाले. मात्र १९८४ ते २००० या काळात मिचेल पंतप्रधान असतानाच, १९९२ मध्ये, बेक्वेचा विमानतळ झाला आणि त्याला नावही त्यांचेच मिळाले. तरीही धावपट्टी इतकी आखूड ठेवली गेली की मोठी विमाने तेथे उतरू शकत नाहीत. विमानतळ होईपर्यंत बेक्वेला पोहोचण्याचा मार्ग एकच होता, होडी. आणि त्या मार्गावर ‘फ्रेंडशिप रोझ’ ही १९६९ मध्ये बेक्वेवरच बांधलेली स्कूनर टपाल आणि प्रवासी वाहून नेत असे.

लाकडी नौकांचे दिवस फिरले असले तरी कॅरिॲकूतील नौकाबांधणीला १९६५ मध्ये लिंटन रिग या दर्यावर्द्याने सुरू केलेल्या शर्यतींनी थोडे जीवदान दिले. एकांताची किंमत सर्वांना परवडली असे मात्र नाही. राजधानीपासून दूर, रस्ते-दवाखान्यांविना राहिलेल्या युनियन बेटावर स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, डिसेंबर १९७९ मध्ये, सशस्त्र उठाव झाला आणि तो दडपण्यासाठी बार्बेडोसच्या सैन्याची मदत घ्यावी लागली. शांत बेट आणि दुर्लक्षित बेट यांतील अंतर पाहुण्याला सहसा दिसत नाही.

जून ते नोव्हेंबर हा या समुद्रातील चक्रीवादळांचा काळ असतो, परंतु ग्रेनेडीन्स दक्षिणेकडे असल्यामुळे ती वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर समजली जात. नौकांचा विमा उतरवणाऱ्या अनेक कंपन्या १२ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशाची रेघ मानत. तिच्या दक्षिणेला नौका ठेवली की वादळी हंगामातही विमा चालू राही. कॅरिॲकू त्या रेघेच्या खाली येते, म्हणून त्याच्या टिरेल उपसागरातील खारफुटीत दरवर्षी परदेशी शिडाच्या नौका आश्रयाला येत. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह थेट कॅरिॲकूवर आले. खारफुटीत नौका एकमेकींवर चढल्या; कॅरिॲकू, पेटिट मार्टिनिक आणि युनियन येथील बहुसंख्य घरांची छपरे उडाली, आणि छपरांबरोबर पन्हळीही गेल्या. नदी नसलेल्या या बेटांवर पावसाळा सुरू असूनही पिण्याचे पाणी होड्यांनी बाहेरून आणावे लागले.