दोन कार्डांचा संसार

१९९८ साली थ्रीडीएफएक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने एक भन्नाट वस्तू बाजारात आणली. वूडू-टू हे तिचं ग्राफिक्स कार्ड. एक घेतलं तर गेमचं चित्र फार तर ८०० बाय ६०० पर्यंत जायचं. तसलंच दुसरं घेऊन शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं आणि दोघांमध्ये एक चपटी केबल जोडली, की तोच गेम १०२४ बाय ७६८ मध्ये चालायचा. कामाची वाटणी अगदी सरळ होती. पडद्यावरच्या विषम ओळी एका कार्डाने काढायच्या, सम ओळी दुसऱ्याने. गंमत म्हणजे वूडू-टूला साधा डेस्कटॉप दाखवताच येत नसे, त्यासाठी तिसरं कार्ड वेगळं लागायचं. एका गेमसाठी पेटीत तीन कार्डं! मी तेव्हा रांगत होतो. पण पुढे कॉलेजात या कार्डाबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, आपण उशिरा जन्मलो.

त्याच वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की तो साडेचारपटीने, म्हणजे थेट ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा, आणि कितीतरी महागड्या प्रोसेसरच्या तोंडाला फेस आणायचा. ओव्हरक्लॉकिंग त्याच्या आधीपासून होतं, पण ते घराघरांत नेलं या चिपने. ‘कंपनीने जेवढं दिलं त्यापेक्षा जास्त आत दडलेलं आहे आणि ते काढणं आपल्या हातात आहे’ ही भावना तिथून रुजली. एका चिपला पळवायचं किंवा दोन चिप्सना जुंपायचं. वेग वाढवायचे हे दोनच मार्ग, आणि घरच्या कॉम्प्युटरचा पुढचा वीस वर्षांचा इतिहास या दोघांच्या भांडणाचा आहे.

जुंपण्याचा मार्ग आपल्याकडे मात्र गेमच्या कितीतरी आधी आला होता, आणि तोही नाइलाजातून. १९८०च्या दशकात भारताला हवा होता तसा ताकदवान क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. क्रेसारखा एक अतिवेगवान प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. मग बाजारात मिळणाऱ्या, त्या मानाने किरकोळ चिप्स एकत्र आणायचं ठरलं. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपला शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी जोडण्या मुळातच दिलेल्या असत. त्यांच्या बळावर १९९१ साली परम ८००० उभा राहिला. भिडू एकेकटा हळू, पण टोळी मोठी.

इथे एक मेख आहे. टोळी कितीही मोठी केली तरी कामाचा जो भाग एकट्यानेच करावा लागतो, तो तेवढाच वेळ खातो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्येच हे मांडलं होतं. भात लावायला दहा माणसं आली तर काम लवकर उरकतं, पण भात शिजायला लागणारा वेळ दहा माणसं चुलीपुढे बसवून कमी होत नाही. हवामानाचं गणित लावणीसारखं आहे, त्याचे तुकडे पडतात. गेम मात्र थोडा लावणीसारखा आहे आणि थोडा शिजण्यासारखा.

थ्रीडीएफएक्स बुडाली. डिसेंबर २०००मध्ये तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घ्यायचं जाहीर केलं आणि दोन कार्डं जोडायची कल्पनाही सोबत गेली. २००४मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हीच तीन अक्षरं नव्या अर्थाने परत आणली, पाठोपाठ २००५मध्ये एटीआयचं क्रॉसफायर आलं. आता ओळी वाटायची पद्धत मागे पडली. पहिली फ्रेम एका कार्डाने, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने, अशी पाळी लागली. मदरबोर्डवर दोन, तीन, चार कार्डांची जागा आली. दोन्ही कार्डांवर चार-चार जीबी मेमरी असली तरी गेमला चारच मिळायची, कारण दोघांनाही तोच सगळा पसारा आपल्याकडे ठेवावा लागे. हे बॉक्सवर कोणी ठळक अक्षरांत छापत नसे.

माझ्याकडे ही जोडी आली ती या सगळ्याच्या उतारावर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात. मीरा रोडहून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तसं विचारलं तर लोक आधी तुमच्याकडे बघतात. दोन जुनी कार्डं, प्रत्येकी १४५ वॅटची. चेण्याला घरी आणली तेव्हा पहिला आक्षेप मामांचा. मामा वायरमन. घोडबंदर रोडच्या बाजूच्या निम्म्या चाळींची वायरिंग त्यांच्या हाताखालून गेलेली.

“किती वॅटचा आहे हा डबा?”

“सप्लाय साडेसातशेचा आहे, मामा. पण खरा लोड पाचशेच्या आत.”

“मग अडीच अँपिअर पण नाही. तुझ्या सहाच्या पॉइंटवर चालेल,” मामा म्हणाले. “पण त्याच एक्स्टेन्शनवर तू टेबलफॅन, राउटर आणि आजीची इस्त्री लावतोस. सोळाची वेगळी लाइन ओढतो. आणि अर्थिंग आधी बघू दे.”

अर्थिंग बघितलं, तर ते नव्हतंच. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी. चेण्याची हवा वर्षातले बरेच महिने ओलीच असते. पितळेच्या पिना हिरव्या पडतात, स्क्रू गंजतात. सैल पडलेला सांधा गरम होतो, गरम झालेला आणखी सैल पडतो. ग्राफिक्स कार्डाच्या जगाला ही साधी गोष्ट पुढे फार महागात पडली.

त्यासाठी थोडं गणित बघू. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० घ्यावेत, असं प्रमाण ठरलेलं आहे. २०१४मध्ये एएमडीने एकाच पट्टीवर दोन चिप्स बसवलेलं आर९ २९५एक्स२ काढलं. ५०० वॅटचं कार्ड आणि आठ पिनांच्या जोडण्या दोनच. ७५, १५० आणि १५० मिळून होतात ३७५. उरलेले सव्वाशे वॅट नियमाच्या पलीकडून ओढले जायचे. चांगल्या सप्लायवर ते बिनतक्रार चालायचंही, कारण तारांमध्ये सहनशक्ती राखून ठेवलेली असते. पण राखीव असलेलं रोज वापरायचं ठरवलं की ते राखीव राहत नाही.

ओव्हरक्लॉकिंगचा हिशेब याहून वाईट. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवला आणि चिप अडखळू नये म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर विजेची भूक जवळजवळ तेहतीस टक्क्यांनी वाढते. हातात पडतात फार तर दहा टक्के जास्त फ्रेम. बाकीची सगळी उष्णता, आणि ती मे महिन्यात त्याच खोलीत राहते जिथे तुम्ही बसलेले असता. पाचशे वॅटचा गेमिंग पीसी हा खोलीच्या दृष्टीने पाचशे वॅटचा हीटरच असतो. यात रूपक वगैरे काही नाही.

शिवाय भिंतीत २३० व्होल्ट असतात आणि कार्डाला लागतात १२. सहाशे वॅट भिंतीतून घ्यायला २.६ अँपिअर पुरतात. तेच सहाशे वॅट बारा व्होल्टने द्यायचे तर ५० अँपिअर. तारेत आणि सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणूनच खोपोलीची वीज १९१५पासून मुंबईकडे आली ती उच्च दाबाच्या तारांवरून. २०२२मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डात नेमकं उलट घडलं. छोट्याशा जोडणीतल्या सहा पिनांवर सहाशे वॅटपर्यंतची जबाबदारी, म्हणजे पिनमागे आठ अँपिअरहून जास्त. त्या ऑक्टोबरात वितळलेल्या प्लगचे फोटो जगभर फिरले. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं मुख्य कारण असल्याचं कंपनीने सांगितलं. मला मात्र वाटतं, जी जोडणी केसभर सैल राहिली तर वितळते, ती मुळात फार कंजूष मापाने शिवलेली आहे. मामांनी ती घरात बसवूच दिली नसती.

तोवर दोन कार्डांचा संसार मोडलाही होता. पाळीपाळीने फ्रेम काढण्यात एक रोग होता. एक फ्रेम १० मिलिसेकंदात यायची, पुढची २३मध्ये, पुन्हा १०, पुन्हा २३. सरासरी काढली तर सेकंदाला साठ फ्रेम. आकडा सुंदर, पण डोळ्याला गचके. दुसरं कारण जास्त खोल होतं. नवे गेम चित्र गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेमचा आधार घेऊ लागले. आधीची फ्रेम शेजारच्या कार्डावर, मग तिची वाट बघत बसायचं. लावणीचं काम शिजवण्याचं झालं, आणि जास्त माणसांचा उपयोग संपला. २०१६पासून अधिकृत जोडी दोनपुरतीच उरली. १ जानेवारी २०२१पासून एनव्हिडियाने गेमसाठी नवे एसएलआय प्रोफाइल काढणं थांबवलं. ३०-मालिकेत जोडणीची खाच फक्त सर्वांत वरच्या ३०९० वर्गात राहिली, ४०-मालिकेतून तीही गेली.

ही खाच नाहीशी मात्र झाली नाही, ती दुसऱ्या वस्तीत राहायला गेली. नोव्हेंबर २०२०मध्ये पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. त्यात ए१०० चिप्सची आठ-आठची ४२ खोकी आहेत, एकूण ३३६. खोक्यातल्या आठ चिप्स एकमेकींशी बोलतात त्या एनव्हीलिंकने, म्हणजे घरच्या कार्डांवरून काढून घेतलेल्या त्याच जोडणीच्या थोरल्या भावाने. एका खोक्याला कमाल साडेसहा किलोवॅट लागतात. गेमसाठी जोडणी निरुपयोगी झाली होती हे मान्य. पण घरी बसून दुसरं काही करू बघणाऱ्यालाही ती नाकारली गेली, आणि त्यामागे मला तंत्रापेक्षा दुकानदारी जास्त दिसते.

मधल्या काळात इथेरियमच्या खाणकामाने घरोघरी सहा-सहा कार्डांच्या जाळ्या लटकवल्या. त्या कामात कार्डांना एकमेकांशी बोलायची गरजच नसते. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने ती पद्धत बंद केली आणि ती कार्डं जुन्या बाजारात आली. माझी सध्याची दोन त्यांतलीच असावीत. बारा-बारा जीबीची, प्रत्येकी १७० वॅटची. गेमसाठी घेतलेली नाहीत.

आजी आगरी बोलते. तिच्या बोलण्याची काही तासांची रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. गावाच्या, भातशेतीच्या, मिठागरांच्या गोष्टी. त्या कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर चढवायची माझी इच्छा नाही, म्हणून बोलणं ओळखून लिहिणारं मॉडेल मी घरीच शिकवतोय. मॉडेलचे थर असतात. निम्मे एका कार्डावर, निम्मे दुसऱ्यावर. गेमला जे कधी मिळालं नाही ते इथे मिळतं, म्हणजे बारा आणि बारा खरोखर चोवीस होतात. एनव्हीलिंकची खाच नाही, त्यामुळे निरोप मदरबोर्डवरून फिरून जातो, थोडा उशिरा. माझी घाई साठ फ्रेमची नाही, चालून जातं.

वेग मी वाढवलेला नाही, उलट कमी केलाय. दोन्ही कार्डांना १२० वॅटची मर्यादा घालून मामांच्या सोळाच्या लाइनवर रात्री अकरानंतर चालू करतो. ‘पानी’ला मॉडेल आता बिचकत नाही. ‘डोला’ म्हणजे डोळा, हे मात्र त्याला अजून पटलेलं नाही. तिथे ते दर वेळी झोका लिहितं.