लघुशक्ति प्रक्षेपणकेंद्रें आणि झाडीपट्टीचा आवाज

भंडारा जिल्ह्यांत, पवनी तालुक्यांत, कोंढा हें गांव आहे. वैनगंगेच्या आसपासच्या ह्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात व येथील बोलीस झाडीबोली. दंडार हा येथील जुना लोकनाट्यप्रकार असून, धानाचा हंगाम आटोपल्यावर गांवोगांवीं रात्रभर नाटकें होतात. स्वतःचा रंगमंच असलेल्या अशा मुलखास दूरदर्शननें काय दिलें व त्याजकडून काय घेतलें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भारतांत दूरदर्शनचा आरंभ ता. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. मुंबईचें केंद्र ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. १९७५-७६ सालीं एका अमेरिकन उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांस कार्यक्रम दाखविण्यांत आले; त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढें ता. ३० ऑगस्ट १९८३ रोजीं इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशांत गेला, आणि १९८४ या एका वर्षांत देशांत शंभरांहून अधिक लघुशक्ति केंद्रें उभीं राहिलीं. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवीं दूरदर्शनचा मनोरा दिसूं लागला तो ह्याच लाटेंत.

ह्या केंद्राची रचना साधी असे. उपग्रहाकडून येणारे संदेश झेलणारी एक मोठी थाळी, बहुधा १०० वॅटांचा प्रक्षेपक, एक मनोरा व थोडे तंत्रज्ञ. त्याचा पल्ला सुमारें पंधरा-वीस किलोमीटर. त्यापलीकडील खेड्यांत लोक उंच बांबूवर अँटेना बांधून चित्र धरूं पाहत. केंद्रांत चित्रीकरणाचें दालन नसे, कॅमेरा नसे. पेशवाईंतील जासूद थैली पोंचवी, परंतु तींतील पत्र लिहीत नसे. तशीच ह्या केंद्राची स्थिति होती.

ह्यापासून झालेला लाभ नाकारतां येत नाहीं. ता. २५ जानेवारी १९८७ पासून ता. ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललेली 'रामायण' ही मालिका खेड्यांतील लोकांनीं एका संचाभोंवतीं बसून पाहिली. मुंबईचे मराठी कार्यक्रमहि पुढें उपग्रहामार्गें येऊं लागले. परंतु कोंढ्याच्या शेतकऱ्याचा शब्द त्याच्या बोलींत ह्या मनोऱ्यावरून निघणें यंत्ररचनेनेंच अशक्य होतें. केंद्र स्थानिक, पण त्याला ऐकण्यापुरताच कान, मुख नाहीं.

हें अपरिहार्य होतें काय? आमच्या मतें नव्हतें. गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील पीज गांवीं १९७५ सालीं १ किलोवॅटचा प्रक्षेपक सुरू झाला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रानें त्यासाठीं ग्रामस्थांच्या प्रश्नांवर, त्यांच्या बोलींत, त्यांसच पात्रें करून कार्यक्रम रचले. १९८४ सालीं युनेस्कोचें पारितोषिकहि त्यास मिळालें. तथापि १९८५ सालीं, ग्रामस्थांच्या विरोधास न जुमानतां, तो प्रक्षेपक मद्रासेस हलविण्यांत आला. तात्पर्य, उणीव वॅटांची नव्हती; बोलण्याचा अधिकार गांवाकडे द्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर पीज येथें दिलें गेलें व तेथेंच परतहि घेतलें गेलें.

झाडीपट्टीचा आवाज मात्र मनोऱ्यावांचून टिकला. वडसा हें तिच्या नाटकमंडळ्यांचें आजहि मुख्य ठाणें आहे, आणि २०२३ सालीं झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली. उलट, १९९७ सालीं प्रसारभारतीकडे आलेले जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक २०२२ पर्यंत, मोजके वगळतां, बंद झाले. कार्यक्रम आतां उपग्रहावरून थेट घरच्या थाळींत उतरतात.

बखरी व दफ्तरें वाळवीच्या तोंडून सोडविण्याचें काम संशोधकांनीं आजवर केलें. बंद केंद्रांच्या नोंदवह्या, नकाशे व तेथें राबलेल्या तंत्रज्ञांच्या आठवणी ह्याहि इतिहासाचीं साधनें होत. कागद रद्दींत जाण्यापूर्वीं व माणसें आहेत तोंवर तीं गोळा करावींत, आणि त्यांबरोबर दंडारीच्या संहिताहि जतन कराव्यात. कारण मनोऱ्यानें काय ऐकविलें व काय ऐकविलें नाहीं, हें दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून ह्या मुलखाचा अलीकडचा इतिहास पुरा होणार नाहीं.