फाटकाच्या आतला रस्ता आणि बाहेरचा कायदा



मोटार वाहन कायदा, १९८८ चाळलात तर दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात: 'सार्वजनिक स्थळ'. परवान्याशिवाय सार्वजनिक स्थळी वाहन चालवू नये (कलम ३). वेगमर्यादा ओलांडू नये (कलम ११२). दुचाकीवर हेल्मेट घालावे (कलम १२९). विम्याशिवाय वाहन वापरू नये (कलम १४६). या सगळ्या नियमांना हीच अट जोडलेली आहे. मग तुमच्या सोसायटीच्या फाटकाच्या आतला रस्ता सार्वजनिक स्थळ आहे का? तिथे भरधाव गाडीने कोणाला उडवले, तर कायदा आत येतो की फाटकाबाहेर थांबतो?

उत्तर एका ओळीत देता येत नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो चार प्रश्नांच्या आधारे पाहू: रस्ता कोणाचा, वाट कोणाला खुली, भरपाई कोणाला मिळणार, आणि दंड कोण करणार?

१. रस्ता कोणाचा?

मोटारी येण्याआधी शहरांपुढचा प्रश्न चिखलाचा, गटारांचा आणि अंधाराचा होता. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याने रस्त्यांचे दोन वर्ग केले: सार्वजनिक आणि खाजगी. सार्वजनिक रस्ता पालिकेच्या ताब्यात. त्याची देखभाल तिची. जमीनमालकाने घरे बांधण्यासाठी आखलेला रस्ता खाजगी. त्याची सपाटी करणे, खडी घालणे, सांडपाण्याची सोय आणि दिवाबत्ती करणे यासाठी पालिका मालकांना नोटीस देऊ शकते (कलम ३०५). ही कामे समाधानकारक झाली की तोच रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करता येतो (कलम ३०६).

या रचनेत खाजगी रस्ता ही मधली पायरी होती. मालकाने रस्ता नीट करून द्यावा, मग तो शहराचा व्हावा. आजच्या बंदिस्त वसाहतींमध्ये ही दिशा उलटली आहे. रस्ता चांगला बांधलेला असतो, पण तो शहराला द्यायचा नसतो. फाटक आणि पहारेकरी त्यासाठीच असतात.

लक्षात घ्या, १८८८ च्या या तरतुदी रस्त्याच्या बांधणीबद्दल आहेत. त्या रस्त्यावरून कोणी कसे वाहन हाकावे, हा प्रश्न पुढे वेगळ्या कायद्याकडे गेला.

२. वाट कोणाला खुली?

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने रस्त्याची व्याख्या करताना मालकी बाजूला ठेवली. हमरस्ता, आणि लोकांचा वावर असलेला इतर कोणताही रस्ता, दोन्ही कायद्याखाली आले. १९३२ साली स्कॉटलंडमध्ये याची कसोटी लागली. शेतघराकडे जाणारा एक खाजगी रस्ता होता. देखभाल शेतकऱ्याची, पण फाटक नव्हते. शेतावर काहीही काम नसलेले लोकही तिथून ये-जा करत; शेतकरी कधीमधी त्यांना परत पाठवी. वाहन चालवण्यास अपात्र ठरलेल्या एका माणसाने या रस्त्यावर गाडी चालवली. न्यायालयाने हा कायद्याच्या अर्थाने रस्ताच मानला. जमीन कोणाची यापेक्षा लोक प्रत्यक्ष जातात का, आणि मालक ते चालू देतो का, याला महत्त्व मिळाले.

भारताच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने जवळपास हीच कल्पना घेतली, पण शब्द निराळा वापरला. ज्या रस्त्यावर, वाटेवर किंवा जागी लोकांना प्रवेशाचा 'हक्क' आहे ते सार्वजनिक स्थळ, मग ती वाट आरपार जाणारी असो वा नसो. १९८८ च्या कायद्यात हीच व्याख्या कलम २(३४) मध्ये आली.

'वावर' आणि 'हक्क' यांतला फरक किरकोळ नाही. पाहुणा, दूधवाला, टपालवाला, घरकामाची बाई हे सोसायटीत रोज येतात. त्यांचा वावर आहे. पण हक्क आहे का? पहारेकरी त्यांना अडवू शकतो. शब्दाला चिकटून अर्थ लावला तर त्यांच्यासाठी ती जागा सार्वजनिक ठरत नाही.

३. भरपाई कोणाला मिळणार?

हा वाद नुसता शब्दांचा राहिला नाही, याचे कारण विमा. १९३९ च्या कायद्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. विमा सक्तीचा होता तो सार्वजनिक स्थळी होणाऱ्या वापरासाठी. त्यामुळे कारखान्याच्या, गोदामाच्या किंवा वसाहतीच्या आवारात अपघात झाला, की विमा कंपनीला म्हणता येई: ही जागा खाजगी, आमची जबाबदारी नाही. मेलेल्या हमालाच्या घरच्यांना भरपाई मिळणार की नाही, हे अपघात कुंपणाच्या कोणत्या बाजूला झाला यावर अवलंबून राही.

न्यायालयांची मते विभागलेली होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विम्याच्या प्रकरणापुरता अर्थ व्यापक केला. जागा खाजगी मालकीची असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो मुक्त असो की नियंत्रित, तर ती सार्वजनिक स्थळ होय. थोडक्यात, फाटक असल्यामुळे भरपाईचा हक्क बुडत नाही.

काही तरतुदींना तर या व्याख्येची गरजच नाही. वाहनाची नोंदणी सार्वजनिक स्थळी 'किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' आवश्यक आहे (कलम ३९). धोकादायक रीतीने चालवणे (कलम १८४) आणि दारू पिऊन चालवणे (कलम १८५) या गुन्ह्यांच्या शब्दांत सार्वजनिक स्थळाची अट नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक मार्गावरच्या बेदरकार वाहन चालवण्यापुरते आहे. मात्र निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम १०६ कुठेही लागू होते. 'आतल्या आतच तर चालवतोय' म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांनी हे वाचायला हवे.

४. दंड कोण करणार?

इथे आपल्याकडची विभागणी समजून घ्या. रस्ता बहुधा पालिकेचा. पण वाहनचालकावर कारवाई करणारे पोलीस राज्य सरकारचे. जागेवरच तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यांना आहे (कलम २००). सोसायटीचा पहारेकरी त्यांत बसत नाही. सोसायटी आपल्या सभासदांना उपविधींनुसार जबाबदार धरू शकते, पण ती वसुली म्हणजे वाहतुकीचा दंड नव्हे.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली, कारण तिथे पोलीस बहुतांशी नगरपालिकेचे किंवा काउंटीचे असतात. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यानुसार खाजगी रस्त्याचे मालक स्थानिक शासनाशी लेखी करार करू शकतात. मग शासन त्या रस्त्यावर वाहतुकीचे नियम राबवते. प्रत्यक्ष खर्च मालक भरून देतात आणि विम्याची जबाबदारीही उचलतात. इलिनॉय राज्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे याहून पुढचा प्रश्न आला. लेक हॉलिडे येथील रहिवासी संघाच्या सुरक्षारक्षकाने अतिवेगाबद्दल एका सभासदाची गाडी थांबवून त्याला संघाची पावती दिली होती. आधीच्या न्यायालयाने सभासदाची बाजू घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने संघाची घेतली: स्वतःच्या रस्त्यावर स्वतःचे नियम राबवण्यासाठी संघ असे करू शकतो.

दोन्ही उपायांना किंमत आहे. पहिल्यात सार्वजनिक पोलीस पैसे देणाऱ्या वस्तीच्या बोलावण्यावरून येतात. दुसऱ्यात अडवण्याची सत्ता अशा माणसाकडे जाते जो मालकांच्या संघाला उत्तरदायी आहे, नागरिकांना नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात अशा कराराची तरतूद नाही. म्हणून फाटकाच्या आत वेगमर्यादेची पाटी असते, पण ती मोडणाऱ्याला थांबवणारे अधिकृत कोणी सहसा नसते. अपघातानंतर कायदा आत येतो. अपघात टाळण्यासाठी मात्र तो क्वचितच येतो.

सारांश

पालिकेच्या कायद्याने रस्ता मालकीवरून ओळखला, मोटारीच्या कायद्याने प्रवेशावरून. भरपाईच्या प्रश्नामुळे न्यायालयाने 'प्रवेश' या शब्दाचा अर्थ रुंद केला. अंमलबजावणीचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या महाविद्यालयाचे आवार सार्वजनिक स्थळ आहे का? 'हक्क' आणि 'वावर' या दोन्ही कसोट्या लावून पाहा.

२. फ्लोरिडासारखा करार भारतात आणायचा झाला, तर खर्च कोणी सोसावा? ज्या वस्तीला तो परवडत नाही तिथल्या मुलांच्या सुरक्षेचे काय?

३. विम्यासाठी व्यापक आणि दंडासाठी मर्यादित असे एकाच शब्दाचे दोन अर्थ असणे योग्य आहे का? कारणे द्या.