द्रोणागिरीच्या पायथ्याशी : जंतू, लस आणि आपण

उरणजवळ करंजाच्या बाजूला द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. हनुमान संजीवनीचा पर्वत घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी कथा या भागात सांगतात. त्या डोंगरावर इलाजाची मुळी कुणाला सापडली की नाही, ठाऊक नाही. पण डोंगरावर चढून पाहिले की पाण्यापलीकडे मुंबई दिसते आणि इलाजाच्या शोधाची एक खरीखुरी कहाणी त्या शहरात घडली आहे. ती आपण कोकणी, खोजा, मोमीन, दखनी अशा सगळ्या मुसलमानांनी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपणही आहोत. कधी लस टोचून घेणारे म्हणून, तर कधी गोळ्या झेलणारे म्हणून.

आधी जंतूंची ओळख करून घेऊ. त्यासाठी लांब जायला नको. उरण ही एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी आणि मिठागरांसाठी प्रसिद्ध होती. मोहाची फुले पाण्यात भिजत घातली की त्यांतल्या साखरेवर किण्व तुटून पडते. किण्व म्हणजे एकाच पेशीचा जीव. हवेतला प्राणवायू मिळाला तर तो साखर पूर्ण जाळून भरपूर शक्ती मिळवतो; प्राणवायू नसला तर अर्धवट जाळतो आणि मद्यार्क मागे टाकतो. म्हणजे दारू ही त्या जिवाच्या चुलीतली राख आहे. हेच मद्य उघडे राहिले तर दुसऱ्या जातीचे जंतू येतात, हवेच्या साहाय्याने मद्यार्काचे आम्ल करतात आणि तयार होतो सिरका. शराब हराम आणि सिरका हलाल हे आपल्या घरात लहान मूलही जाणते. दोहोंमधले अंतर डोळ्यांना न दिसणारे जीव तोडतात, हे मात्र लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात प्रयोगाने दाखवले, तेव्हा कुठे जगाला कळले.

मिठाचेही तसेच. आमची दादी पावसाळ्याच्या बेगमीसाठी बोंबील आणि सुकट उन्हात घालायची, मोठ्या मासळीला मीठ चोळायची. "मीठ लावलं की किडा धरत नाही," एवढेच तिचे शास्त्र. ते बरोबर होते. मीठ जंतूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढते आणि पाण्याविना पेशीचा कारभार थांबतो. खाणे, जाळणे, वाढणे, दोन होणे हा सारा कारभार जंतू आपला आपण करतो. विषाणूला तो नाही. त्याच्यापाशी चूल नाही, भांडे नाही. आहे ती फक्त स्वयंपाकाची चिठ्ठी. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच सामानावर तो स्वतःच्या नकला करवून घेतो. म्हणूनच जंतूंची चूल विझवणारी प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. सर्दीला ती गोळी मागणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

देवी हा विषाणूचा रोग. त्याची लस हिंदुस्थानात कशी आली हे फार थोड्यांना माहीत असते. देवीच्या फोडातला अंश निरोग्याला टोचण्याची रीत तुर्कस्तानात आधीपासून होती. इस्तंबूलमध्ये लेडी मेरी माँटेग्यूने ती पाहिली आणि १७१८ साली स्वतःच्या मुलाला टोचवून घेतले. पुढे १७९६ साली जेन्नरने गायीच्या देवीपासून सुरक्षित लस काढली. ती लस इस्तंबूल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईच्या बंदरात उतरली. तेव्हा बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती जिवंत ठेवावी लागे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली आणि तेथून देशभर गेली. लस म्हणजे परक्यांनी आपल्यावर आणलेली बला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा बगदाद-बसऱ्याचा रस्ता आठवावा.

आता प्लेगकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. त्याआधी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता. मुंबईत घबराट उडाली. १८९७च्या सुरुवातीपर्यंत लाखो लोक शहर सोडून गेले, कुणी आगगाडीने तर कुणी गलबताने कोकणच्या बंदरांकडे. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या जहाजांवरही बंदी आली.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. सोजीर घरात शिरत, आजारी माणसाला उचलून नेत, सामान जाळत, बायकांच्या काखा-जांघा तपासत. पुण्यात याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री रँडवरच्या गोळीबारात झाला. हे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. पण ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात काय झाले, हे कितीजणांना माहीत आहे? एका विणकराच्या बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासायला पथक आले. घरच्यांनी परक्या पुरुषांना ती दाखवायला नकार दिला. मोहल्ल्यातले जुलाहे जमले, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि दंगा शहरभर पसरला.

त्या जुलाह्यांना अडाणी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. सरकारला जंतू ठाऊक होता, पण जंतूची वाट ठाऊक नव्हती. प्लेग माणसाच्या घाणीतून, घरातल्या हवेतून, कपड्यालत्त्यातून पसरतो असे धरून फिनेल शिंपले जात होते. प्रत्यक्षात तो उंदराच्या पिसवांतून येत होता. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून तिचा घसा बुजवतात; भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि घशातले जंतू माणसाच्या रक्तात ओकते. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत हे दाखवले, पण त्याची थट्टाच झाली. १९०५नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि प्लेग कमिशनने पडताळा घेतला, तेव्हा ते सर्वमान्य झाले. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे मात्र साध्या माणसांना आधीपासून कळत होते. म्हणजे ज्या झडतीसाठी त्या मुलीच्या घरावर चाल केली, त्या झडतीने प्लेग थांबणारच नव्हता.

याच काळात दुसरी गोष्टही घडत होती. ओदेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ, वाल्देमार हाफकिन, ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागला. त्याने बकऱ्याच्या मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंच्या वसाहती झुंबरासारख्या खाली लोंबत. भरपूर वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूचा चेहरा दाखवून ठेवतो. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लोक घाबरत होते. तेव्हा वीस वर्षांचेही नसलेल्या तिसऱ्या आगाखानांनी चारचौघांसमोर लस घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि हजारो खोजांनी त्यांच्यामागे दंड पुढे केला. ना शिपाई, ना बंदूक. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५पासून तिला हाफकिनचे नाव आहे.

एकाच शहरात, जवळपास एकाच वेळी, मदनपुऱ्यात गोळ्या चालल्या आणि खोजांच्या जमातखान्यातून माणसे आपण होऊन लस घ्यायला गेली. दोघेही मुसलमानच. फरक मजहबचा नव्हता. फरक एवढाच, की एका ठिकाणी माणसाला संशयित समजले गेले, दुसऱ्या ठिकाणी विश्वासात घेतले गेले. पुढे सरकारलाही सक्ती सैल करावी लागली.

हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही. २०२० साली कोरोनाचा विषाणू आला, १८९७चाच कायदा पुन्हा लागू झाला आणि साथीला एका जमातीचे नाव चिकटवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. विषाणू कुणाचा मजहब विचारत नाही, माणसे विचारतात.

पण हिशेब आपलाही मांडायला हवा. पोलिओच्या दोन थेंबांबद्दल आपल्याच वस्त्यांत अफवा उठल्या, दारे बंद झाली, आणि त्याची किंमत लेकरांच्या पायांनी मोजली. दारे उघडली ती मौलवी, शिक्षिका, दाया आणि शेजारणी घरोघर गेल्या तेव्हा. १३ जानेवारी २०११नंतर देशात जंगली पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

द्रोणागिरीखाली आता न्हावा-शेव्याचे बंदर आहे, सिडकोच्या इमारती आहेत. जहाजे जगभरातून येतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही येतच राहतील. आपल्या मुलींना आणि मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू या. दारावर येणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांना कळो आणि उत्तर पटले की दंड पुढे करण्याचे शहाणपणही.