कंधारचा खंदक, जपानी कॅमेरा आणि दोन भिंगांमधले अंतर

नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला भुईकोट. डोंगराचा आधार नसल्याने त्याचे सारे बळ खंदकात आणि तटबंदीत साठलेले. काठावर उभे राहणाऱ्याला खंदकाची रुंदी आणि पलीकडच्या बुरुजाचा फुगवटा क्षणात उमगतो. त्याच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रात मात्र काठ, खंदक आणि तट एकाच पडद्यावर रंगवल्यासारखे दिसतात. ही हरवलेली खोली परत मिळवण्यासाठी माणसाने जी यंत्रे घडवली, त्यांत १९५० च्या दशकातील जपानी स्टिरिओ कॅमेऱ्यांची गोष्ट विशेष रंजक आहे.

मूळ कल्पना जुनी. दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात आणि त्या फरकातूनच मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये दाखवून दिले. माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६३ ते ६५ मिलिमीटर अंतर असते. तेवढ्याच अंतरावर दोन भिंगे बसवली की झाला स्टिरिओ कॅमेरा! खरी अडचण यानंतर सुरू होते.

१९४७ मध्ये अमेरिकेत ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ बाजारात आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या स्टिरिओला त्याने एक मापच घालून दिले. त्याच्या भिंगांत ७० मिलिमीटर अंतर होते. प्रत्येक चित्र फिल्मच्या पाच भोकांइतके, म्हणजे जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. साहजिकच एका जोडीतील डाव्या आणि उजव्या चित्रांच्या मधे दोन चित्रांची जागा रिकामी राहते. ती वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी फिल्म दोन चित्रांइतकीच पुढे सरकते आणि पुढच्या जोड्यांची चित्रे त्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. विणकामातील धाग्यांसारखी ही गुंफण. ३६ चित्रांच्या रिळात सुमारे २९ जोड्या मावतात. यंत्ररचनेतील ही काटकसर पाहून आजही कौतुक वाटते.

जपानी कारखान्यांनी याच प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले. ‘ओवला स्टिरिओ’ हा ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा रिअलिस्टच्या वाटेने गेला. तोगोदो कंपनीचा ‘स्टिरिओ हिट’ हा साधा, स्वस्त आणि १२७ क्रमांकाच्या रिळावर चालणारा. हौशी ग्राहकाला परवडावा एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. निकॉनने तर वेगळा कॅमेराच बनवला नाही. दशकाच्या उत्तरार्धात तिने ‘स्टिरिओ-निक्कोर’ हे जोडभिंग आपल्या नेहमीच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी काढले. एकाच नळीत दोन लहान भिंगे, एकाच चौकटीत दोन उभी अरुंद चित्रे. ही भिंगे फारच जवळ येतात, म्हणून त्यांच्यापुढे प्रिझमची जोड लावून दृष्टीतील अंतर वाढवावे लागे. कल्पना देखणी होती, पण नगसंख्या इतकी थोडी की ते आज संग्राहकांच्या कपाटातच सापडते.

मुळात दोन भिंगे एकत्र बांधायची गरजच काय? स्थिर वस्तूसाठी एकच कॅमेरा पुरतो: एक चित्र घ्यावे, थोडे बाजूला सरकावे, दुसरे घ्यावे. देगलूर तालुक्यातील होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर तेवढा वेळ नक्कीच थांबेल. नांदेडच्या होला महल्ल्यात दौडणारे घोडे मात्र थांबणार नाहीत. दोन चित्रांत क्षणाचाही फरक पडला तर घोडा दोन ठिकाणी दिसेल आणि मेंदूचा हिशेब मोडेल. म्हणून दोन शटर एकाच क्षणी उघडणे आणि दोन्ही भिंगांची नाभीय लांबी तंतोतंत जुळणे, हाच या यंत्राचा प्राण. त्याची किंमत वाढते ती इथेच.

या रचनेला एक मर्यादाही आहे. भिंगांत ७० मिलिमीटर अंतर आणि ३५ मिलिमीटर नाभीय लांबी असेल, तर पाच मीटरवरील वस्तू दोन चित्रांत सुमारे अर्धा मिलिमीटर सरकलेली दिसते; पन्नास मीटरवर तो फरक त्याच्या दहाव्या हिश्शावर येतो. होट्टलचे शिल्प उठून दिसेल, कंधारचा दूरचा तट पुन्हा सपाट होईल. त्यावर छायाचित्रकारांचा ठोकताळा असा: जवळच्या वस्तूपर्यंतच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतके बाजूला सरकावे. तीस मीटरवरच्या बुरुजासाठी एक मीटर. हेच तत्त्व विमानात नेले की एकमेकांवर पडणाऱ्या हवाई छायाचित्रांच्या जोड्या मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने स्वातंत्र्योत्तर काळात नकाशांवरील उंचीच्या रेषा काढण्यासाठी अशाच जोड्या वापरल्या.

जोडचित्र म्हणजे नुसती करमणूक नव्हे, ते मोजमापही असते. १८५८ मध्ये वेट्झलारच्या चर्चची मापे घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला आणि भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रांवरून मापे काढण्याचा ध्यास त्याने घेतला. १८८५ मध्ये बर्लिनमध्ये त्यासाठी संस्था उभी राहिली. महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना तिचा संग्रह उपयोगी पडला.

लातूर जिल्ह्यासाठी हा मुद्दा दूरच्या देशाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आतून-बाहेरून दोन वेगळ्या थरांच्या होत्या. मधे भरड भरलेली आणि दोन्ही थरांना बांधणारे आडवे लांब दगड बहुधा नसत. त्यांवर माळवदाच्या मातीचे ओझे. भिंत किती जाड, माळवद किती खोल, थर कुठे सुटलेला, हे समोरून घेतलेल्या एका चित्रातून वाचता येत नाही.

माळवदाची जुनी घरे मराठवाड्यात आजही उभी आहेत. त्यांच्या नोंदीसाठी दुर्मीळ जपानी कॅमेरा शोधत बसण्याचे कारण नाही. हातातला फोन, भिंतीशी टेकवलेली एक मीटरची काठी आणि भिंतीपासून पाच मीटरवर उभे राहून सुमारे सतरा सेंटिमीटर सरकून घेतलेली दोन चित्रे, एवढे साहित्य पुरे आहे.