बायोप्सीचा तुकडा, मेण आणि दोन रंग

"डॉक्टर, तुकडा सोमवारी काढला, मग रिपोर्ट शुक्रवारी का?" शिरूर-दौंडकडच्या पेशंटचा हा नेहमीचा प्रश्न. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी हातात पडतो, म्हणून हा उशीर खटकतो. पण तुकड्यावर ज्या क्रिया होतात त्या बहुतेक 19व्या शतकात सापडल्या, आणि आजही त्यांतली एकही गाळता येत नाही.

शरीराबाहेर आलेला तुकडा लगेच खराब व्हायला लागतो. पेशी आपल्याच पाचक रसांनी विरघळतात. पूर्वी तो अल्कोहोलमध्ये ठेवत. 1893 मध्ये जर्मनीतले डॉ. फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडने जंतू मरतात का ते तपासत होते. काम करताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली. मग पेशीही अशाच जागच्या जागी टिकतील, हे त्यांनी ओळखलं. तेच आपलं फॉर्मलिन. ते तुकड्यात हळूहळू मुरतं, तिथेच पहिला दिवस जातो.

पुढचं काम मेणाचं. तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात, अल्कोहोल झायलीनने, आणि त्या जागी वितळलेलं पॅराफिन भरतात. थंड झाल्यावर जो ठोकळा होतो तो 'ब्लॉक'. त्याचे 3-4 मायक्रॉनचे काप काढतात. आपला केस याच्या वीसपट तरी जाड असतो!

असा काप जवळजवळ रंगहीन दिसतो. म्हणून कापड रंगवणाऱ्यांचे रंग उसने घेतले: मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघणारं हिमॅटॉक्सिलीन आणि कारखान्यात बनलेलं इओसिन. पेशीचं केंद्रक निळं, बाकी गुलाबी. ही जोडी 1876 पासून टिकून आहे.

आपल्याकडे या कामाला मान मिळवून दिला डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. 1941 मध्ये मुंबईत टाटा हॉस्पिटल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख. स्लाइड बघून ते थांबत नसत. पेशंट काय खातो, काय नेसतो हेही विचारत. कमरेला घट्ट धोतर काचून होणारा कॅन्सर त्यांनी 1945 मध्ये मांडला. तंबाखू आणि तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरवरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख 1955 चा. आपल्या भागातली मिश्री आणि तंबाखू पाहता तो आजही जुना वाटत नाही.

लॅब पुण्यात असली तरी पहिली पायरी इथेच, तुकडा काढतो त्या खोलीत होते. मध्यंतरी एका आजोबांच्या गालातला तुकडा दुसरीकडून सलाइनच्या बाटलीत पाठवला गेला. दोन दिवसांनी पेशी वाचण्यासारख्या उरल्या नव्हत्या. पुन्हा भूल, पुन्हा तुकडा, पुन्हा आठवडा.

म्हणून बाटली तुमच्या हातात दिली, तर आत फॉर्मलिन आहे ना, हे जरूर विचारा. ते तुकड्याच्या दहापट तरी हवं, बाटलीचं तोंड रुंद हवं, नाव बाटलीवर हवं, नुसतं झाकणावर नको. फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि टाटाला जायची वेळ आली तर लॅबमधून ब्लॉक व स्लाइड मागून घ्या. त्याच मेणातून नवे काप काढून बघता येतात.